बिऱ्हाड चाकांवर

अमेरिकेला जाऊन आलेल्या माणसाने नायगारा पाहिला नाही असे सांगितले, की पंढरपूरला जाऊन विठोबाचे दर्शन न घेता परतलेल्या माणसाकडे पाहावे तसे लोक त्याच्याकडे पाहतात. मी नायगारा पाहिलेला नाही. २०२४ च्या सप्टेंबरात न्यू जर्सीतल्या मराठी मंडळींच्या गणेशोत्सवात दोन व्याख्याने देण्याच्या निमित्ताने मी सपत्नीक तिकडे गेलो होतो. नायगाऱ्यासाठी राखून ठेवलेला शनिवार आम्ही एका अफाट मैदानावर शेकडो घरांतून आत-बाहेर करण्यात घालवला. त्या सगळ्या घरांना चाके होती.

याला कारण आमचे भाऊजी. अडतीस वर्षे एंजिनियरिंगची नोकरी करून ते २०२३ साली निवृत्त झाले. आता मोटारहोम घ्यायचे आणि ताईला घेऊन सारी अमेरिका पालथी घालायची, हा त्यांचा बेत. मोटारहोम म्हणजे एंजिनासकट चालणारे बिऱ्हाड! स्वयंपाकघर, बिछाने, न्हाणी, संडास, सगळे एका गाडीत. संध्याकाळ झाली की एखाद्या तळावर गाडी उभी करायची, विजेची दोरी नि पाण्याची नळी जोडायची, की झाला संसार सुरू. आपली विंचवाची म्हण तिकडच्या लोकांनी फारच मनावर घेतली आहे.

भाऊजींनी वर्षभर माहितीपत्रके गोळा करून वहीत तक्ते आखले होते. ताईचा या बेताला विरोध नव्हता. तिला काही विचारले की ती "बघू" म्हणे. आमच्या घराण्यात "बघू" या शब्दाचा अर्थ काय होतो हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. भाऊजींना मात्र तो पस्तीस वर्षांच्या संसारातही उमगलेला दिसला नाही.

पहाटे सहाला निघालो. बरोबर चहाचा थर्मास आणि गौरीगणपतीच्या उरलेल्या करंज्या. ७८ क्रमांकाच्या हमरस्त्याने पश्चिमेकडे गेले की अडीच तासांत पेनसिल्व्हेनियातले हर्शी गाव येते. चॉकलेट बनवणाऱ्या मिल्टन हर्शी या गृहस्थाने कारखाना काढला आणि त्याच्याभोवती हे गाव वसवले. १९०९ साली त्याने आणि त्याच्या पत्नीने अनाथ मुलांसाठी इथे शाळाही काढली, ती आजही चालू आहे. इथल्या मुख्य रस्त्याचे नावच चॉकलेट अव्हेन्यू, आणि रस्त्यावरच्या दिव्यांचा आकार त्यांच्या 'किस' नावाच्या चॉकलेटचा. काही दिवे वेष्टनासकट, काही उघडे! आमच्या सौ.ने मोटारीच्या खिडकीतून मान बाहेर काढून ते मोजायला सुरुवात केली.

दर सप्टेंबरात या गावी मोटारहोमांचे आणि मोटारीमागे ओढायच्या घरांचे प्रदर्शन भरते. दाराशी पायपुसणे, टेबलावर कागदी फुले, मांडलेल्या बशा, अशा थाटात घरांच्या रांगांमागून रांगा उभ्या होत्या. कोणीही यावे, आत शिरावे, पलंगावर लोळून पाहावे. मुलाखतीला गेलेल्या वधूवरांसारखी माणसे सोफ्यावर अवघडून बसलेली दिसत होती.

भाऊजींनी आम्हांला आधी तीन वर्ग समजावून सांगितले. 'ए' वर्ग म्हणजे सरळ बसच. लांबी पंचेचाळीस फुटांपर्यंत. 'सी' वर्गात पुढे मालमोटारीचे तोंड आणि त्याच्या डोक्यावर पोटमाळ्यासारखा बिछाना. 'बी' म्हणजे माल वाहण्याची उंच व्हॅन आतून सजवलेली, सगळ्यांत लहान. "मग 'सी'ला 'बी' आणि 'बी'ला 'सी' का नाही म्हणत?" अशी मास्तरकीला शोभणारी शंका मी काढली. भाऊजींनी तिची दखल घेतली नाही.

त्यांचे मन 'ए' वर्गावर होते. अडतीस फुटी एका गाडीत आम्ही चढलो. आत विजेवर पेटणारी नकली शेकोटी, माणसाएवढा फ्रिज, कपडे धुण्याचे यंत्र! भिंतीचा मोठा भाग खणासारखा बाहेर सरकवलेला, त्यामुळे दिवाणखाना चांगला ऐसपैस झालेला. किंमत तीन लाख डॉलरांच्या पुढे. एवढे धूड चालवायला वेगळा परवाना लागत असेल असे मला वाटले. पण एकंदर वजन २६,००० पौंडांच्या आत असले, तर बहुतेक राज्यांत साधा मोटारीचा परवाना चालतो. पौंडांचे किलो केले तर हे सुमारे पावणेबारा टन भरतात! भाऊजी चालकाच्या खुर्चीत बसले. समोर सिनेमाच्या पडद्याएवढी काच. त्यांच्या चेहऱ्यावर जत्रेत पाळण्यात बसलेल्या मुलाचा आनंद होता.

इतक्यात सौ. मागून आली. तिचे बालपण गिरगावातल्या चाळीत दोन खोल्यांत आणि सात माणसांत गेले. त्यामुळे लहान जागेत संसार कसा बसतो या विषयात त्या मैदानावर तिच्याइतका अधिकार फारच थोड्यांचा असावा. तिने विचारले, "ही भिंत आत घेतली म्हणजे रस्त्याने जाताना संडासाकडे वाट राहते का?"

सेल्समनने कौतुकाने तिच्याकडे पाहिले. प्रदर्शनात सगळ्या गाड्यांच्या भिंती बाहेर काढून ठेवलेल्या असतात. प्रवासात त्या आत घ्याव्या लागतात. काही गाड्यांत मग फ्रिजचे दार उघडत नाही, तर काहींत न्हाणीकडे जाता येत नाही. भाऊजींच्या तक्त्यांत हा रकानाच नव्हता. सौ.ने पर्समधून शिवणाची टेप काढली, आणि पुढे दिवसभर ती पुन्हा आत गेली नाही.

तेवढ्यात ताई बोलली. सकाळपासूनचे तिचे हे पहिलेच लांब वाक्य.

"अहो, वाटेत तुम्हांला काही झालं, तर ही गाडी घेऊन घरी कोण येईल?"

२०२२ साली भाऊजींची अँजिओप्लास्टी झाली होती. त्या रात्री तीनला ताईने स्वतः मोटार चालवून त्यांना इस्पितळात नेले होते. त्यानंतर हमरस्त्यावर तिने चाक हातात घेतलेले नव्हते. बिचकते, म्हणून भाऊजीही आग्रह करत नसत. हे सगळे मला ठाऊक होते. पण मोटारहोमशी त्याचा संबंध आहे हे माझ्या लक्षात आले नव्हते. भाऊजींच्याही आले नसावे. ते चाकावरचे हात काढून घेऊन मुकाट्याने खाली उतरले.

दुपारी मोटारीच्या सावलीत बसून आम्ही पोळीभाजी खाल्ली. भाऊजी गप्प होते. शेवटी त्यांनी वही उघडली, सकाळच्या तक्त्यावर एक तिरकी रेघ मारली आणि म्हणाले, "आता प्रत्येक गाडीत आधी तू बसायचंस चाकाशी. नंतर मी."

दुपारचे प्रदर्शन आम्ही असे ताईच्या मापाने पाहिले. गाडी चालवून बघायला तिथे मिळत नाही. पण खुर्चीत बसून पाय ब्रेकला पोचतो का, आरशांत मागचे काय दिसते, एवढे तरी कळते. शिवाय सौ.ची परीक्षा होतीच. बिछान्यावर दोघांनी झोपायचे आणि भिंतीकडच्याने रात्री उठायचे. दुसऱ्याच्या अंगावरून जावे लागले की गाडी नापास. संडासात शिरून दार लावून बसायचे. ओट्याशी उभे राहून भांडी घासल्यासारखे करायचे. मी त्या दिवशी किती संडासांत बसून आलो याची मोजदाद ठेवलेली नाही.

'सी' वर्गाची एक एकतीस फुटी गाडी सगळ्यांना आवडली. फोर्डच्या ई-४५० सांगाड्यावर बांधलेली, आठ जणांची झोपायची सोय. ताईचा मुलगा, सून, नातवंडे येतील, म्हणून तीही हरखली. मात्र दाराजवळ एक चिठ्ठी डकवलेली होती. माणसे आणि सामान मिळून किती वजन चालेल, हे प्रत्येक मोटारहोमवर असे लिहावे लागते. पाण्याचे वजनही त्याच आकड्यात बसवायचे असते. इथे आकडा होता सुमारे ५०० किलो. भाऊजींनी पेन्सिल काढली. टाकीतले पाणी दीडशे लिटर म्हणजे दीडशे किलो. सत्तर किलोंची पाच माणसे बसली की साडेतीनशे. झाले पाचशे! कढई, गाद्या आणि गणपतीबाप्पा यांना जागा उरली नाही. आठ जणांनी झोपावे, पण पाचांहून जास्त जणांनी निघू नये, अशी ती गाडी. छापील माहितीपत्रकात बिछाने मोठ्या अक्षरांत असतात. वजनाची चिठ्ठी मात्र वाकून वाचावी लागते.

आणखी एका गोष्टीने भाऊजींचा उत्साह जमिनीवर आला. या गाड्यांच्या पोटात तीन टाक्या असतात. एक चांगल्या पाण्याची, दुसरी मोरीच्या पाण्याची आणि तिसरी संडासाची. तिसरी दर चार-सहा दिवसांनी जाड नळी लावून आपल्या हातांनी रिकामी करायची. आधी तिसरी सोडायची, मग दुसरी, म्हणजे साबणाच्या पाण्याने नळी धुऊन निघते. यातही शास्त्र आहे! "हे काम कोणाचं?" ताईने विचारले. "ज्याची हौस त्याचं," सौ. म्हणाली, आणि तो ठराव तीन विरुद्ध एक मतांनी संमत झाला.

संध्याकाळी आम्ही 'बी' वर्गाकडे वळलो. एकवीस फुटी व्हॅन. आत एका बाजूला वीतभर ओटा, मागे बिछाना, आणि न्हाणी व संडास एकाच कोनाड्यात. अंघोळ केली की सगळेच भिजते, असे सेल्समन ओशाळून सांगू लागला. "आपल्याकडे दुसरं काय असतं?" सौ. मराठीत म्हणाली. किंमत मात्र दीड लाख डॉलरांच्या पुढे. जागा कमी झाली म्हणून पैसे त्या मानाने कमी होत नाहीत. ताई चाकाशी बसली. तिने आरसे पाहिले, मागे वळून पाहिले, पुन्हा पुढे पाहिले. "ही आपल्या जुन्या मोटारीपेक्षा उंच आहे, एवढंच," ती म्हणाली. बराच वेळ उतरली नाही.

सेल्समनने प्रदर्शनापुरती सवलत सांगितली. आजच सही केली तर आणखी काही हजार कमी. भाऊजींनी वही मिटली आणि नम्रपणे नकार दिला. दुकानाच्या दारात सुचलेली घाई आणि लग्नाच्या मांडवात सुचलेली घाई सारखीच महाग पडते, हे त्यांचे मत मला त्या दिवशी पटले. परतताना त्यांनी मोटारीची किल्ली ताईपुढे धरली. तिने माझ्याकडे पाहिले, सौ.कडे पाहिले आणि किल्ली घेतली. हर्शी ते न्यू जर्सी अडीच तासांची वाट आम्ही सव्वातीन तासांत कापली. वाटेत भाऊजींनी एकदाही सूचना केली नाही. त्यांना ते किती जड गेले असेल, हे त्यांच्या बाजूला बसलेल्या मला कळत होते.

२०२५ च्या जूनमध्ये त्यांनी तसलीच एक व्हॅन नऊ दिवसांसाठी भाड्याने घेतली आणि दोघे व्हर्जिनियातल्या शेननडोआ उद्यानात जाऊन आले. तिथे डोंगरमाथ्यावरून जाणारा १०५ मैलांचा रस्ता आहे आणि वाटेत १२ फूट ८ इंच उंचीचा एक बोगदा. 'ए' वर्गाच्या पुष्कळ गाड्यांना तिथे फूटपट्टी घेऊनच जावे लागेल.

ताईचा फोन आला तेव्हा मी उत्तरपत्रिका तपासत होतो. "बोगद्यातून मी चालवली," ती म्हणाली.

"आणि भाऊजी?"

"शेजारी बसून करंज्या खात होते. आता वापरलेली एखादी बघतोय. तू काय म्हणतोस?"

मी म्हटले, "बघू."

ती हसली. पस्तीस वर्षांनी का होईना, पण पलीकडून भाऊजीही हसल्याचे ऐकू आले.