दिवाणजींच्या डोक्यातली पेढी

शाहूपुरीतील आमच्या माल वाहतुकीच्या पेढीवर एक वाक्य वडील मोठ्या अभिमानाने उच्चारीत असत. "आमची पेढी दिवाणजींच्या डोक्यात आहे." कोणता व्यापारी भाडे आगाऊ देतो आणि कोणाचे भाडे माल पोचल्यावर घ्यायचे, कोणत्या गावची गाडी कोणत्या वारी सुटते, कोणता हमाल काचसामान हळुवार उतरवतो, हे सारे दिवाणजींना मुखोद्गत होते. चाळीस वर्षांत त्यांनी त्यातले काही लिहून ठेवले नाही आणि आम्हीही कधी तशी अपेक्षा केली नाही. त्यांच्या स्मरणशक्तीचे कौतुक करताना आपण तिच्यावर किती विसंबून आहोत, याचा हिशेब मात्र आम्ही कधी मांडला नाही. पै-पैचा जमाखर्च ठेवणाऱ्या घरात एवढी मोठी बाब वहीबाहेर राहावी, याचे मला आज नवल वाटते.

या विसंबण्याची किंमत प्रथम चुकवली ती एका परक्या मुलाने. तो मराठवाड्यातून आला होता, बी.कॉम. झालेला, अबोल आणि कष्टाळू. आमच्याकडे नव्या माणसाला शिकवण्याची रीत ठरलेली होती. "दिवाणजींच्या शेजारी बस आणि बघ." चार-सहा महिने बघितल्यावर माणूस आपोआप तयार होतो, अशी आमची समजूत होती. तो रुजू होऊन तीन आठवडे झाले असतील, तेव्हा पुण्याहून पंपाच्या सुट्या भागांची एक पेटी आली. बिल्टीवर पत्ता होता, 'बावडा, कोल्हापूर'. दिवाणजी त्या दिवशी एका लग्नाला गेले होते. मुलाने नकाशा पाहिला, गगनबावडा शोधले आणि पेटी पश्चिमेकडे जाणाऱ्या गाडीत चढवली.

कोल्हापूरच्या वाचकांना पुढचे सांगावे लागणार नाही. ती पेटी कसबा बावड्यातील एका दुरुस्ती कारागिराची होती. कसबा बावडा शहरालाच लागून आहे आणि गगनबावडा सुमारे ५५ किलोमीटरवर, घाटमाथ्यावर. पेटी परत येईपर्यंत तीन दिवस गेले. मे महिना होता, ऊस पाण्यावाचून उभा होता आणि ज्या शेतकऱ्याचा पंप खोलून ठेवला होता तो दोन वेळा पेढीवर येऊन गेला. त्याच्यासमोर, हमालांसमोर मी त्या मुलाला वाटेल तसे बोललो. तो शांतपणे एवढेच म्हणाला, "मालक, बावडे दोन आहेत हे मला कुणी सांगितलं नव्हतं."

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. पुढच्या आठवड्यात त्याचा पगार मी त्याच्या खात्यावर पाठवला आणि विषय संपला असे मानले. पण त्याचे ते वाक्य मात्र मनातून जाईना.

पावसाळ्याच्या तोंडावर दिवाणजींना हृदयविकाराचा सौम्य झटका आला. वैद्यांनी तीन आठवडे सक्तीची विश्रांती सांगितली. त्या तीन आठवड्यांत मालकाच्या खुर्चीवर बसूनही मी आपल्याच पेढीत परका झालो. दोन व्यापाऱ्यांची भाडी दोनदा मागितली गेली, एकाचे मागायचेच राहिले. एका गाडीत बिडाचे सुटे भाग वर आणि कागदाचे गठ्ठे खाली भरले गेले. रोज काही ना काही अडत होते आणि रोज आम्ही रुग्णशय्येवरील माणसाला फोन करीत होतो. एकदा पलीकडून त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "धाकटे मालक, त्यांना जरा झोपू द्या की." मला मान वर करवेना. दोन बावडे असल्याचे त्या मुलाला आम्ही सांगितले नव्हते. आणि मला तरी कोणी काय सांगितले होते?

त्याच दिवसांत टपालाच्या पिनकोडविषयी वाचनात आले. हा सहा आकड्यांचा संकेत १५ ऑगस्ट १९७२ रोजी देशात सुरू झाला आणि त्याची योजना करणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातील मराठी अधिकारी, शिवाय संस्कृतचे कवी. एकाच नावाची अनेक गावे, निरनिराळ्या लिपींत लिहिलेले पत्ते, चुकीची स्पेलिंगे यांतून टपाल गोंधळत असे. वेलणकरांनी पत्त्याला आकडे जोडले. पहिला आकडा विभागाचा, दुसरा उपविभागाचा, तिसरा वर्गवारीच्या जिल्ह्याचा आणि शेवटचे तीन प्रत्यक्ष टपाल कार्यालयाचे. ज्याने आयुष्यात कधी कोल्हापूर पाहिले नाही, असा दूरच्या राज्यातला नवा कर्मचारीही ४१६ पाहून पाकीट आपल्या दिशेला टाकू शकतो. जाणत्या माणसाला हा संकेत नसला तरी फारसे अडले नसते. खरा आधार झाला तो नवख्याला. आमच्या पेढीत असे काहीच नव्हते. आम्ही पिनकोडच्या काळात राहून त्याच्या आधीच्या पद्धतीने माणसे शिकवीत होतो.

दिवाणजी परतल्यावर मी त्यांच्यापुढे वही ठेवली आणि म्हटले, "तुम्ही सांगा, मी लिहितो." त्यांना ते रुचले नाही. "हे लिहून कसं शिकवायचं? माल बघितला की कळतंय," असे म्हणून ते बिल्ट्यांकडे वळले. लिहून झाले की आपली गरज संपेल, अशी शंका त्यांच्या मनात असावी. ती त्यांनी बोलून दाखवली नाही, पण मला दिसली. तेव्हा मी त्यांना स्वच्छ सांगितले, की तुमचा पगार आणि तुमची गादी आहे तिथेच राहील. शिवाय यापुढे नवा माणूस तुमचा शिष्य असेल, त्याला घडवणारे तुम्हीच. हे सांगायला मला चाळीस वर्षे उशीर झाला होता.

पुढे महिनाभर रोज दुपारी एक तास आम्ही दोघे बसलो. पुतण्याने त्या वहीवरून मोबाईलवर चालणारा एक साधा फॉर्म तयार केला. माल आला की नगांची संख्या आणि वजन, पाठवणारा आणि घेणारा, गाव, तालुका आणि पिनकोड, भाडे 'पेड' की 'टू पे', मालाचा फोटो, पोच पावतीचा फोटो. एक रकाना रिकामा ठेवला तर पुढचे पान उघडतच नाही. बावडा, शिरोली अशी नावे लिहिताच फॉर्म विचारतो, कोणते? शिरोली पुलाची की शिरोली दुमाला? आणि की शिरोळ?

ई-वे बिलाचे पान दिवाणजींनी विशेष काळजीने सांगितले. १ एप्रिल २०१८ पासून परराज्यात जाणाऱ्या मालाला आणि त्याच वर्षी २५ मेपासून महाराष्ट्रांतर्गत मालालाही हे बिल लागू झाले. मर्यादा परराज्यासाठी ५० हजार रुपये, राज्यात एक लाख. साध्या मालासाठी २०० किलोमीटरमागे एक दिवसाची मुदत. वाटेत गाडी बिघडून माल दुसऱ्या गाडीत घेतला, तर नव्या गाडीचा क्रमांक बिलाच्या 'भाग ब'मध्ये नोंदवावा लागतो. तो राहिला आणि गाडी तपासणीत सापडली, तर माल अडकतो आणि मालकाला कराच्या दुप्पट दंडापर्यंत जावे लागू शकते. "एवढं एक वाक्य विसरलं, की वर्षाची कमाई गेली," दिवाणजी म्हणाले. म्हणून चालकाचा फोन आला, की पहिलाच प्रश्न येतो, 'गाडी बदलली का?'

मी आणखी एक रकाना घालायला लावला, 'असे का?' प्रत्येक पायरीखाली तिचे कारण एका ओळीत. जड नग खाली का, कागदाच्या गठ्ठ्यांशेजारी तेलाचे डबे का नकोत. आज्ञा लवकर विसरल्या जातात, पण कारण कळले की ते सहसा मनातून जात नाही.

दिवाळीनंतर नवी भरती झाली. यावेळी आली ती हातकणंगले तालुक्यातली एक मुलगी. आमच्या बुकिंगच्या खिडकीवर बसलेली ती पहिलीच स्त्री. पहिल्या दिवशी तिने फॉर्म वाचला, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिवाणजींच्या देखरेखीखाली नोंदी केल्या आणि आठव्या दिवशी ती खिडकी एकटीने सांभाळू लागली. पूर्वी ज्याला चार-सहा महिने लागत, ते आठवड्यात झाले. पण मला वेगापेक्षा दुसरी गोष्ट अधिक मोलाची वाटली. ती प्रश्न विचारायला बिचकत नव्हती, कारण साध्या प्रश्नांची उत्तरे तिच्या हातात होती. दिवाणजींकडे ती अवघड प्रश्न घेऊन जात असे आणि त्यांनाही त्यात रस वाटू लागला.

फॉर्मने सारे होते, असे मात्र कोणी समजू नये. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला. त्याच्या आदल्या संध्याकाळीच दिवाणजींनी पंचगंगेचे पाणी पाहून आमच्या दोन गाड्या कऱ्हाडलाच थांबवल्या होत्या. असा निर्णय कोणत्याही रकान्यात बसत नाही. तो अनुभवातून येतो, आणि अनुभवी माणसाला नित्याच्या शंकासमाधानातून सोडवले, तरच त्याला तो नव्या पिढीला देण्याची सवड मिळते. त्या संध्याकाळची हकीकत आता त्या मुलीला पाठ आहे. दिवाणजींनी ती स्वतः सांगितली.

आपल्या घराघरांत असे दिवाणजी आहेत. कुठे मुनीम, कुठे गोदामाचा जुना कारभारी, कुठे खुद्द वडील. त्यांच्या निष्ठेवर आपले व्यवहार उभे आहेत. पण त्यांच्या डोक्यातली पेढी कागदावर उतरवून घेणे हा त्यांच्यावरचा अविश्वास नव्हे. उद्या आपल्याकडे येणाऱ्या, आपल्या गावाशी अपरिचित असलेल्या लेकराशी आपण न्यायाने वागावे, एवढाच त्याचा अर्थ. न सांगितलेल्या गोष्टीसाठी कोणाला दोष देणे, हा खोट्या मापाइतकाच खोटा व्यवहार आहे.

गेल्या लक्ष्मीपूजनाला नव्या वह्यांबरोबर दिवाणजींची ती वहीही पाटावर ठेवली. पूजा झाल्यावर मी त्या मराठवाड्यातल्या मुलाला फोन केला. तो आता छत्रपती संभाजीनगरला एका गोदामात नोकरी करतो. मी म्हटले, "चूक तुझी नव्हती, आमची होती. त्या दिवशी सर्वांसमोर बोललो, त्याबद्दल मला क्षमा कर." तो क्षणभर काही बोलला नाही. मग म्हणाला, "काका, आता तिथं नवीन पोरगं आलं तर त्याला सांगता ना, बावडे दोन आहेत म्हणून?"

"सांगतो," मी म्हणालो. "पहिल्याच दिवशी."