कविराय राम जोशी यांचें घर

सोलापूरचें नांव निघालें कीं चादरी आणि सिद्धेश्वराची यात्रा बहुतेकांस आठवते. कविराय राम जोशी याच गांवचे, हें ज्यांस ठाऊक असतें त्यांचीही त्यांच्याशीं ओळख बहुधा १९४७ सालच्या ‘लोकशाहीर राम जोशी’ या बोलपटावरून झालेली असते. जयराम शिलेदारांनीं रंगविलेला तो शाहीर मनांतून जात नाहीं हें खरें. परंतु आम्हांस शाहिरापेक्षां त्याच्या घराविषयींच अधिक कुतूहल वाटत आलें आहे.

राम जोशी यांचा जन्म इ. स. १७६२ च्या सुमारास विद्याव्यासंगी ब्राह्मण घरीं झाला. थोरले बंधू मुद्गल जोशी व्युत्पन्न पुराणिक म्हणून मान्यता पावलेले. धाकट्याचें मन मात्र धोंडी शाहिराच्या फडांत रमे. पोथीच्या घरांतला मुलगा तमाशांत बसतो, हें बंधूंस सोसवेना. त्यांनीं त्यास घराबाहेर काढलें. राम जोशी पंढरपुरास गेले, तेथें संस्कृताचें अध्ययन केलें आणि पुढें पुनः शाहिरीकडेच वळले, अशी कथा परंपरेनें चालत आली आहे.

आतां त्यांची लावणी पहावी. तींत संस्कृत समासांची लड अनुप्रासासह उलगडत जाते आणि खालीं ढोलकीची थाप तुटत नाहीं. एकाच रचनेंत त्यांनीं अनेक भाषा खेळविल्या; मराठी व कानडी मुलखांच्या सांध्यावर वाढलेल्या माणसास तें साधलें यांत नवल नाहीं. परंतु श्लोक कोठें थांबवावा, कोणता शब्द लांबवावा, शेवटच्या ओळींत बसलेल्यासही अर्थ कसा पोंचवावा, ही तर पुराणिकाची विद्या! ती त्यांच्या कानांवर घरींच पडली असली पाहिजे, असें आम्हांस वाटतें. मोरोपंतांच्या (१७२९–१७९४) आर्या कीर्तनांतून लोकांच्या तोंडीं बसविण्याचें श्रेयही त्यांसच देतात. ज्या कंठास घरानें दूषण दिलें, त्याच कंठानें घरची विद्या ओसरीबाहेर नेली.

मुद्गल जोशांस दोष देणें सोपें आहे, पण आम्हांस तें प्रशस्त वाटत नाहीं. घराची वृत्ति लोकांच्या आदरावर चाललेली. तो आदर गेल्यास चुलीचें काय, ही चिंता कर्त्या पुरुषास असणारच.

हा विचार आम्हांस हल्लीं विशेष सुचतो, कारण आमच्याच घरीं थोरल्या पातीच्या नातवानें ढोलकी शिकण्याचा हट्ट धरला आहे. “तबला शिकेना का, पण ढोलकी नको,” असें काकूंचें म्हणणें. दादा कांहीं बोलत नाहींत, आणि त्यांचें न बोलणें सर्वांस कळतें. आज चूल त्यावर अवलंबून नाहीं. अडतो तो केवळ संकोच. राम जोशांच्या कवितेचे गोडवे गावयाचे आणि ढोलकी दिसतांच नाक मुरडावयाचें, हें कसें जमावें?

आमचें मत आम्हीं घरांत सांगितलें आहे. माडीवरची खोली मुलास द्यावी आणि तेथें ढोलकी खुशाल वाजूं द्यावी. मात्र तिन्हीसांजेस खालीं येऊन आजोबांजवळ स्तोत्र म्हणण्याचा नेम त्यानें मोडूं नये. दोहोंपैकीं कोणतें त्याच्या उपयोगी पडेल, हें आज आपण कोण ठरविणार?