घणसोलीतली 'कहुना'

महापेच्या आमच्या ऑफिसात बॉसला सगळे 'बिग कहुना' म्हणतात. मीही म्हणायचे. मूळ हवाईयन भाषेत 'कहुना' म्हणजे आपल्या विद्येत मुरलेला माणूस. होडी घडवणारा कहुना, झाडपाल्याचं औषध देणारा कहुना आणि देवाचं करणाराही कहुनाच. तज्ज्ञ आणि पुरोहित, दोघांना एकच शब्द!

आपल्याकडे असं कोण आहे? उत्तर मिळालं घणसोली गावात, कलीगच्या हळदीला. अचानक डीजे थांबला आणि मांडवात एक आजी गाऊ लागल्या. या धवलारीण. आगरी लग्नातले विधी त्यांच्या धवल्यांवर चालतात. पूर्वी तर लग्नही त्याच लावायच्या. हातात वही नाही, सगळं तोंडपाठ. तेराव्या शतकात महदंबेने रचले, तेही धवळेच.

१९७० साली सिडको स्थापन झाली, मग शेतं गेली, सेक्टर आले. धवले मात्र घरात टिकले.

"आजी, तुमच्यानंतर कोण?" मी विचारलं.

"तू शिकतेस का?" त्या हसल्या. मी गप्प. तेवढ्यात डीजे पुन्हा सुरू झाला.

आगरी हळदीचं आमंत्रण आलं, तर फक्त जेवायला जाऊ नका. लवकर पोचा, मांडवात बसा, ऐका. बॉसला मात्र मी आता 'सर'च म्हणते.