द्मानिसीचें बोळकें

परवां आमच्या दोन दाढा काढल्या, आणि जॉर्जियांतील पातारा द्मानिसी या खेड्याची आठवण झाली. तेथील मध्ययुगीन नगराच्या जुन्या पेवांत १९८३ सालीं गेंड्याचा दांत सांपडला. पुढें खणतां खणतां सुमारें १८ लक्ष वर्षांपूर्वींचीं माणसें हातीं आलीं! त्यांतील एका कवटीस अवघा एक सुळा; बाकीच्या दांतांच्या खांचा हाडानें बुजलेल्या. म्हणजे दांत पडल्यावरही हा जीव कांहीं वर्षें जगला. विस्तवाची खूण तेथें नाहीं. मग घांस मऊ कोणी केला? कांहीं पंडित म्हणतात, तो स्वतःच दगडानें ठेचून खात असेल. असेल; आमचें मन मात्र तें मानीत नाहीं. आज दुपारीं न मागतां आमच्यापुढें दुधांत कुसकरलेली भाकरी आली. आम्ही मुकाट्यानें जेवलों.