मायोर्काला वळसा : आठवड्याचा बेत

भूमध्य समुद्रात, स्पेनच्या पूर्वेला बेलिआरिक बेटे आहेत. त्यांतले सर्वांत मोठे मायोर्का. भाड्याच्या शिडाच्या बोटीतून या बेटाला वळसा घालण्याची हौस अनेकांना असते. आपल्या घरचे कुणी शिक्षणाला वा नोकरीला युरोपात असेल आणि असा बेत आखत असेल, तर त्याला एक गोष्ट अवश्य सांगा. सात दिवसांत सात मुक्काम बसवू नका. वापसा आल्याशिवाय आपण पेरणीला हात घालत नाही. शिडाचेही तसेच आहे.

हिशेब पाहा. अशी बोट ताशी सुमारे पाच सागरी मैल जाते. सागरी मैल म्हणजे 1,852 मीटर. दिवसाला 20 ते 30 मैल पुरे होतात. पाल्मा या राजधानीतून निघावे, मग दक्षिणेचे काब्रेरा, पूर्वेचे पोर्तोकोलोम, ईशान्येचे काला राटजाडा, उत्तरेचे पोयेन्सा, पुढे सोयेर, अंद्राच आणि परत पाल्मा. मोजा, सात टप्पे झाले. हाताशी एकही दिवस उरला नाही.

आणि अवघड टप्पा नेमका शेवटी येतो. वायव्य किनाऱ्यावर त्रामुंताना डोंगर सरळ समुद्रात उतरला आहे. त्या साऱ्या कड्याला भरवशाचे बंदर एकच, सोयेर. उत्तरेचा वारा सुटला, की लाटा थेट कड्यावर आदळतात. बोट मात्र ठरल्या दिवशी परत द्यायची असते. त्या घाईपोटी माणसे नको त्या वाऱ्यात बाहेर पडतात.

म्हणून पूर्ण वळशाला दहा दिवस काढावेत. सातच असतील तर पाल्मा, काब्रेरा, पोर्तोकोलोम करून सावकाश मागे फिरावे. सोयेर चुकेल म्हणून हळहळू नका. पाल्म्याहून तेथे 1912 पासून आगगाडी जाते. संत्र्यांच्या बागा आणि डोंगरउतारावरच्या दगडी बांधांच्या पायऱ्या शेतकऱ्याने डोळे भरून पाहाव्यात. चुना-माती न वापरता रचलेले हे बांध माती आणि पाणी दोन्ही धरतात. या डोंगराला 2011 मध्ये जागतिक वारशाचा मान मिळाला.

आता नांगराविषयी. आपल्या भाषेत शेतातला आणि बोटीचा, दोन्ही नांगरच. पण शेतातला नांगर जमीन पिकवतो, तर हा नांगर समुद्रातले कुरण उखडतो. येथे तळाशी पोसिडोनिया नावाचे गवत आहे. त्यात मासे वाढतात, त्याने वाळू धरून ठेवली जाते. वाढ मात्र फार धिमी, वर्षाला काही सेंटिमीटर. एकदा उपटलेला पट्टा भरून यायला पिढ्या जातात. त्यामुळे 2018 पासून या गवतावर नांगर टाकायला कायद्याने बंदी आहे. पाण्यात काळपट पट्टा दिसला तर तेथे थांबू नका. पांढऱ्या वाळूवरच नांगर टाका, किंवा बंदराने बांधलेल्या बोयाला दोर लावा. काब्रेरा हे 1991 पासून राष्ट्रीय उद्यान आहे. तेथे मुक्कामाला आधी परवाना काढून बोया राखून ठेवावी लागते.

मे, जून किंवा सप्टेंबरचा पहिला भाग निवडावा. जुलै-ऑगस्टमध्ये गर्दी आणि भाडे दोन्ही चढे असतात. बोट हाकण्याचा दाखला नसेल तर जाणता तांडेल सोबत घ्यावा. त्याचे पैसे बेत आखतानाच धरावेत. पाव, ऑलिव्ह, बदाम बेटावर मिळतात. पिण्याचे पाणी मात्र प्रत्येक बंदरात भरून घ्यावे. आणि रोज सकाळी नकाशाच्या आधी हवामानाचा अंदाज पाहावा.