आजीची माळ

वसईत संध्याकाळी जेवणाआधी घरातले सगळे क्रुसापुढे गुडघे टेकत. आजीच्या हातात लाकडी मण्यांची माळ, ५३ नमो मरिया, आणि आम्हा पोरांचं लक्ष चुलीवरच्या कालवणाकडे. आजीचा हिशेब व्यवहारी होता. मामलेदाराकडे काम असलं की ओळखीचा माणूस बरोबर न्यायचा. देवाकडे जायचं तर त्याच्या आईला. गुडघे धरले तेव्हा ती सप्टेंबरच्या जत्रेत वांद्र्याच्या मोत माउलीला मेणाचे पाय वाहून आली.

आजीमागे माळ माझ्याकडे आली आणि लग्नानंतर माझ्याबरोबर अहमदनगरला गेली. सासर प्रॉटेस्टंट, १८३१ पासून तिथे असलेल्या अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेतलं. माळेला कुणी नाव ठेवलं नाही. फक्त सासऱ्यांनी एकदा तीमथ्याला लिहिलेलं पहिलं पत्र पुढे केलं : देव आणि माणसं यांच्यात मध्यस्थ एकच, ख्रिस्त. मी काना गावच्या लग्नाचा दाखला दिला. द्राक्षारस संपल्याचं येशूला मरियेनेच सांगितलं ना?

“तेव्हा ती या जगात होती,” सासरे म्हणाले.

वादाची गाठ त्यांनी नेमकी दाखवली. कारण त्यांच्याही प्रार्थनासभेत लोक एकमेकांना विनवत : मुलाची परीक्षा आहे, ऑपरेशन आहे, प्रार्थना करा. ख्रिस्त हाच एक तारक मध्यस्थ, हे कॅथलिकही मानतात. प्रश्न मेलेल्यांचा आहे. संतांचा धावा करायला शास्त्रात आधार नाही, असं ल्यूथरच्या बाजूने १५३० मध्ये ऑग्सबर्गला मांडलं. तो करणं चांगलं आणि हिताचं, असं १५६३ मध्ये ट्रेंटच्या परिषदेने ठरवलं. बायबलंही सारखी नाहीत. मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकात मृत यिर्मया लोकांसाठी प्रार्थना करताना दिसतो. आमच्या बायबलात ते पुस्तक आहे, सासऱ्यांच्या नव्हतं. मग कुठलं वचन कुणाला दाखवायचं?

सासरे गेले. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली ती आम्हा मागे राहिलेल्यांसाठी. गेलेल्यासाठी मागायचं काही उरत नाही, अशी त्यांची श्रद्धा. वसईत आईने मात्र त्यांच्या नावाने मिस्सा सांगितली. सासूबाईंना ते कळवलं तेव्हा त्या म्हणाल्या, “त्यांना गरज नव्हती. पण तुझ्या आईला सलाम सांग.”

दोन्ही घरांचं यावर एकमत होईल असं मला वाटत नाही. २ नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, मी सासऱ्यांसाठीही माळ म्हणते.