बारीक माणसाचं पोट

मंडळी, बरेच दिवस इकडे फिरकले नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन हे एक कारण. खरं कारण हे, की जे लिहायचं होतं ते लिहायला हात धजत नव्हता.

माझा धाकटा भाऊ म्हणजे काडीपैलवान. उंची साडेपाच फूट, वजन ६२ किलो, लग्नापासून निवृत्तीपर्यंत तेवढंच. औरंगाबाद स्टेशनवरच्या (तेव्हा औरंगाबादच!) रंगीत दिव्यांच्या वजनकाट्यात नाणं टाकून निघालेलं तिकीट तो खिशातून काढून सगळ्यांना दाखवायचा.

२०१९ च्या जानेवारीत आमच्या सिडकोतल्या कॉलनीत फुकट तपासणीचं शिबिर होतं. सकाळी सकाळी हा दारात. "ताई, जाऊन येऊ का गं?" मी म्हटलं, "अरे, तुझ्या अंगावर तपासायला आहे तरी काय? जाड्यांना जाऊ दे. बस, चहा घे." बसला बिचारा. दोन कप प्यायलो आम्ही.

पुढच्याच वर्षी एके सकाळी दाढी करताना त्याच्या उजव्या हातातून रेझर गळून पडला आणि तोंड वाकडं झालं. दवाखान्यात कळलं, रक्तदाब १८० च्या वर, साखर कितीतरी दिवसांपासून वाढलेली, ट्रायग्लिसराइडही चढलेली. डॉक्टरीणबाईंनी कमरेला टेप लावली, ३८ इंच! शर्ट नेहमी बाहेर सोडलेला, हातपाय काटक्या... पोटाकडे कधी कुणाचं लक्षच गेलं नाही.

मी बीए मराठी, वैद्यकातलं मला काय कळतंय? पण मास्तरकीची खोड जात नाही. नातवाला बसवून एकेक समजून घेतलं. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांचा शेजारी शेजारी उभे असलेला फोटो २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला होता. उंचीच्या मानाने वजन किती, तो बीएमआय नावाचा आकडा दोघांचाही २२.३. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिनसाहेबांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२! वजनकाट्याला यातलं काहीच दिसत नाही. त्याच्या लेखी हाडं, मांस, चरबी सगळं सारखंच. माझ्या भावाचा बीएमआय काढला, २२. अगदी शहाण्यासारखा आकडा.

याज्ञिकांच्या मंडळींनी पुण्याजवळच्या सहा गावांतली बाळंही मोजली. जन्माचं वजन सरासरी २.७ किलो. इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा ती बरीच हलकी, स्नायू कमी, पण चरबी त्या मानाने राखलेली. म्हणजे हे आईच्या पोटापासूनच सुरू होतं म्हणायचं.

कातडीखालच्या चरबीपेक्षा आतड्यांभोवती, यकृतात साठलेली चरबी जास्त त्रासदायक. तिच्यामुळे इन्सुलिनला शरीर दाद देत नाही, साखर आणि ट्रायग्लिसराइड वाढतात, रक्तदाब चढतो, रक्तवाहिन्या खराब होतात. २०१० साली २२ देशांतल्या पक्षाघाताच्या ३००० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात आपला देशही होता. सगळ्यात मोठं कारण रक्तदाबच निघालं. पण शरीराच्या मापांत बीएमआयवरून फारसं काही कळलं नाही, कंबर आणि नितंबांच्या मापांच्या प्रमाणावरून कळलं.

आपल्याकडच्या पुरुषांना कमरेची मर्यादा ९० सेंटीमीटर, म्हणजे साडेपस्तीस इंच. बायकांना ८०. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप लावायची, श्वास सोडून. (पोट आत ओढायचं नाही. आमच्या हिनी, म्हणजे सूनबाईंनी, ओढलं होतं!)

भाऊ आता काठी घेऊन चालतो. बोलणं बरंचसं परत आलंय, पण शब्द शोधावे लागतात. त्या शिबिराचा विषय मी इतकी वर्षं काढला नव्हता. या भाऊबीजेला ओवाळून झाल्यावर एकदाचं बोलले. "तू जाणार होतास रे, मी बसवलं तुला."

तो बराच वेळ गप्प. मग डाव्या हाताने माझ्या कमरेकडे बोट दाखवून म्हणाला, "तुझी... किती?"

शिवणाच्या डब्यातली टेप काढली. ३४ इंच. म्हणजे ८६ सेंटीमीटर.

सोमवारी उपाशीपोटी साखर तपासायला जायचंय. तो सोबत येतो म्हणालाय. रिक्षावाल्याला सातची वेळ सांगून ठेवली आहे.